चीट : ज्याचं गेलं त्याच्या तोंडचा शब्द

नमस्कार मंडळी. आज फक्त एका शब्दावर बोलायचंय, चीट. तुम्ही आम्ही सगळे रोज वापरतो, परीक्षेत चीट केलं, त्याने तिला चीट केलं, गेममध्ये चीट कोड टाकला, डाएटवाल्यांचा चीट डे असतो. डिक्शनरी उघडली की समोर एकच अर्थ दिसतो, फसवणे, आणि आपण डिक्शनरी मिटतो. पण फसवायला इंग्रजीत शब्द काय कमी आहेत का, डिसीव्ह आहे, ट्रिक आहे, स्विंडल आहे, डिफ्रॉड आहे, हुडविंक आहे, आणि हे एकमेकांच्या जागी सरसकट बसत नाहीत. हुडविंकमध्ये डोळे झाकणं आहे, हूड म्हणजे टोपडं आणि विंक म्हणजे जुन्या इंग्रजीत डोळे मिटणं, म्हणजे मुळात डोळ्यांवर पट्टी बांधणं. डिसीव्हमध्ये खोट्यावर विश्वास ठेवायला लावणं आहे. मग चीटमध्ये नेमकं काय आहे?

मला विचाराल तर चीटमध्ये खोटं बोलणं दुय्यम आहे. मुख्य गोष्ट ही की कुणाच्या तरी हक्काचं काहीतरी गेलं. आपल्याकडे तोंडाला पानं पुसणं म्हणतात ना, म्हणजे ज्याला मिळायला हवं होतं तो तसाच राहिला, ते चीटच्या सगळ्यात जवळचं आहे असं मला वाटतं, फसवणूक या शब्दापेक्षाही जवळचं. आणि हा अर्थ त्याला नंतर चिकटलेला नाहीये, जन्मापासूनचा आहे. तो जन्म कुठला ते ऐकलंत तर आश्चर्य वाटेल, कारण हा शब्द चोरांच्या अड्ड्यावर जन्मलेला नाही, तो जमिनीच्या कायद्यातून आलाय, आणि तोही सरकारी बाजूने.

सुरुवात लॅटिनपासून. कादेरे म्हणजे पडणे. त्याला एक्स लागलं की बाहेर पडणे, गळून पडणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये एशेट असा शब्द झाला, अर्थ वाट्याला पडलेलं, पदरात पडलेलं, बघा आपण पण पदरात पडणंच म्हणतो. १०६६ ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्याबरोबर फ्रेंच भाषा आली आणि कायद्याचे शब्द बरेचसे फ्रेंचच झाले, त्यात हा पण आला आणि इंग्रजीत इस्चीट झाला.

इस्चीट म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला पाहिजे कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये तत्त्व असं होतं की सगळी जमीन शेवटी राजाची. राजाने ती मोठ्या सरदारांना दिलेली, त्यांनी खालच्यांना, खालच्यांनी अजून खालच्यांना, आणि प्रत्येकजण आपल्या वरच्याची काहीतरी सेवा करायला बांधलेला. आता यातला एखादा माणूस वारस न ठेवता मेला, किंवा त्याने मोठा गुन्हा केला आणि दोषी ठरला, तर जमीन कुणाची? तर ती वरच्याकडे परत जायची, गळून त्याच्या पदरात पडायची. हे झालं इस्चीट. आपल्या भाषेत जमीन खालसा झाली, सरकारजमा झाली. गुन्हेगाराच्या जमिनीवरून राजा आणि सरदार यांच्यात इतकी ओढाताण चालायची की १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेत, राजाकडून लिहून घेतलंय की अशी जमीन आम्ही एक वर्ष आणि एक दिवसापेक्षा जास्त ताब्यात ठेवणार नाही, मग ती ज्या सरदाराची त्याला परत देऊ.

हे सगळं बघायला राजाने अधिकारी नेमले, त्यांना म्हणायचे इस्चीटर. तेराव्या शतकापासून हे पद होतं. कुणी जमीनदार मेला की इस्चीटर त्या भागात यायचा, स्थानिक लोकांची ज्युरी बसवायचा आणि शपथेवर प्रश्न विचारायचा, मेलेल्याकडे जमीन किती होती, कुणाकडून मिळालेली, तो मेला कधी, वारस कोण, वारसाचं वय काय. वयाचा प्रश्न साधा वाटतो पण त्यावर फार काही अवलंबून होतं, कारण जमीन थेट राजाकडून मिळालेली असेल आणि वारस अज्ञान असेल तर तो सज्ञान होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न राजाकडे, आणि त्या मुलाचं लग्न कुणाशी लावायचं हा हक्क पण राजाकडे, तो हक्क चक्क विकला जायचा. या चौकश्यांचे कागद इंग्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आजही आहेत, इतिहासवाले त्यांच्यावर जीव टाकतात, कारण शेकडो वर्षांपूर्वी कुणाकडे किती जमीन होती आणि वारसाचं वय काय होतं हे त्यात लिहिलेलं आहे.

आता तुम्हीच विचार करा, घरात माणूस गेलाय, दुःख चालू आहे, आणि दारात एक सरकारी माणूस कागद घेऊन उभा आहे ज्याच्या एका नोंदीवर ठरणार की ही जमीन तुमची राहणार का नाही. वारस आहे का नाही, तो औरस आहे का, सज्ञान आहे का, हे सगळं त्याच्या चौकशीवर. एवढी सत्ता असली की काय होतं ते सांगायला नको. १३४० मध्ये पार्लमेंटने कायदाच केला की कुणीही इस्चीटर एका वर्षापेक्षा जास्त पदावर राहू नये, असा नियम उगाच कुणी करत नाही. पुढे सातव्या हेन्रीच्या काळात राजाच्या असल्या जुन्या हक्कांचा आधार घेऊन लोकांकडून पैसा काढण्यासाठी रिचर्ड एम्पसन आणि एडमंड डडली हे त्याचे दोन मंत्री इतके बदनाम झाले की राजा मेल्यावर आठव्या हेन्रीने १५१० मध्ये दोघांचीही मुंडकी उडवली, लोकांना शांत करायला.

तर हे सगळं सोसणाऱ्या लोकांच्या रोजच्या बोलण्यात इस्चीटचं पहिलं अक्षर गळालं आणि चीट राहिलं, इस्चीटरचं चीटर झालं. सुरुवातीला त्यात वाईट काही नव्हतं. साधारण १४४० चा एक इंग्रजी-लॅटिन कोश आहे, प्रोम्प्टोरियम पार्व्युलोरम नावाचा, त्यात चीट हे क्रियापद आहे आणि अर्थ दिलाय जप्त करणे, सरकारजमा करणे. बस, एवढंच, फसवण्याचा वाससुद्धा नाही. सरकारी कारवाईचं नाव आहे ते. पण ज्याची जमीन जाते तो माणूस त्या कारवाईला काय म्हणणार? कागदावर ते सरकारजमा आहे आणि घरात बसलेल्याच्या लेखी ते लुबाडणं आहे. शंभर दीडशे वर्षं हा शब्द दोन्ही तोंडांतून फिरला आणि शेवटी ज्यांचं गेलं त्यांचा अर्थ टिकला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते हो. शब्दांचे अर्थ बहुतेक वेळा सत्तेवाले ठरवतात असं आपण धरून चालतो, इथे उलट झालंय, अधिकाऱ्याच्या हुद्द्याचं नाव लोकांनी शिवी करून टाकलं.

मधला टप्पा पण मजेदार आहे. १५५२ च्या सुमाराला लंडनमध्ये एक पुस्तिका छापली गेली, फाशांच्या जुगारात लोकांना कसं लुटतात ते उघड करून सांगणारी, म्हणजे आत शिसं भरलेले फासे, कडा घासलेले फासे, गिऱ्हाइकाला दारू पाजून खेळायला कसं बसवतात वगैरे. त्यात म्हटलंय की हे जुगारी आपल्या धंद्याला चीटिंग म्हणतात आणि हा शब्द त्यांनी वकिलांकडून उचललाय, कारण जमीनदाराच्या कचेरीत जे बेवारस म्हणून येऊन पडतं, भटकी जनावरं, टाकून दिलेला माल, त्याला कायद्यात चीट म्हणतात. म्हणजे चोरांनी मुद्दाम कोर्टाची भाषा घेतली, तुमचे पैसे आम्ही लुटले नाहीत, ते आमच्या पदरात पडले! पुढे १५९१ च्या आसपास रॉबर्ट ग्रीन नावाच्या लेखकाने लंडनच्या ठगांवर पुस्तिका लिहिल्या, त्यातल्या यादीत तर प्रत्येक धंद्याला लॉ म्हणजे कायदाच म्हटलंय, वाटमारी म्हणजे हाय लॉ, पाकीटमारी म्हणजे फिगिंग लॉ, आणि खोट्या फाशांनी खेळणं म्हणजे चीटिंग लॉ.

याच काळात भटक्या चोरांच्या गुप्त बोलीत चीटचा अजून एक वापर दिसतो, तिथे चीट म्हणजे नुसती वस्तू, म्हणजे घुरघुरणारं चीट म्हणजे डुक्कर, कचाकचा चावणारे चीट म्हणजे दात. हा तोच शब्द का दुसरा यावर एकमत नाही, म्हणून मी त्यात जास्त शिरत नाही.

आणि मग शेक्सपिअर. त्याच्या वेळेला, म्हणजे १५९० च्या दशकात, चीटरचे दोन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत होते, सरकारी अधिकारी पण आणि ठग पण. चौथा हेन्री या नाटकाच्या दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे. पिस्टल नावाचा एक दांडगा माणूस दारात येतो, खानावळीची मालकीण त्याला आत घेणार नाही म्हणते, असले धटिंगण मला नकोत. फॉलस्टाफ, म्हणजे नाटकातला लबाड आणि विनोदी सरदार, म्हणतो, अगं तो धटिंगण नाही, गरीब बिचारा चीटर आहे. फॉलस्टाफला म्हणायचंय ठग, जुगारी. पण बाई ऐकते अधिकारी, आणि म्हणते, चीटर म्हणता? मग प्रामाणिक माणसाला माझं घर बंद नाही, चीटरलाही नाही. प्रेक्षक किती हसले असतील, कारण त्यांना दोन्ही अर्थ माहीत होते. विंडसरच्या बायकांच्या नाटकात हाच फॉलस्टाफ दोन श्रीमंत बायकांना गळाला लावायचा बेत करतो आणि म्हणतो, मी दोघींचा चीटर होणार आणि त्या माझ्या तिजोऱ्या होणार. तिजोरीसाठी त्याने वापरलेला शब्द आहे एक्सचेकर, राजाचा खजिना, जिथे इस्चीटर आपला हिशोब द्यायचा. दोन्ही अर्थ एका वाक्यात.

पण मला सगळ्यात जास्त हलवून जातं ते टेम्पेस्ट नाटकातलं कॅलिबनचं वाक्य. १६११ च्या आसपासचं नाटक. कॅलिबन बेटावर राहणारा, प्रॉस्पेरो बाहेरून आला आणि त्याने बेट ताब्यात घेऊन याला गुलाम केलं. कॅलिबन आधी म्हणतो हे बेट माझं आहे, माझ्या आई सिकोरॅक्सकडून आलेलं, आणि ते तू माझ्याकडून घेतलंस. म्हणजे बघा, तो वारसा सांगतोय, मी वारस आहे, जमीन बेवारस नव्हती. आणि नंतर दुसऱ्यांना सांगताना तो म्हणतो की या जादूगाराने आपल्या कपटाने मला बेटापासून चीट केलं. जमीन, वारस, आणि चीट, तिन्ही एकत्र. शेक्सपिअरने इस्चीट आठवून हे लिहिलं का ते मला सांगता येणार नाही, पण त्या काळच्या कानांना जमिनीबरोबर हा शब्द परका वाटला नसणार.

या वाक्यातलं व्याकरण पण बघण्यासारखं आहे. इंग्रजीत नुसतं अमक्याला चीट केलं असं तर म्हणतातच, पण जुनी खरी रचना अशी, की अमक्याला तमक्या गोष्टीपासून चीट केलं, पूर्वी त्याला ऑफ लावायचे, आता बहुतेक आउट ऑफ लावतात. म्हणजे वाक्यात काय गेलं त्याची जागा राखून ठेवलेली आहे! डिक्शनरीतल्या अर्थापेक्षा मला ही जागा जास्त महत्त्वाची वाटते. आणि म्हणूनच कुणी खोटं न बोलतासुद्धा चीट होऊ शकतं. तिसरा रिचर्ड नाटकाच्या सुरुवातीला म्हणतो की निसर्गाने मला रूपापासून चीट केलं, आता जन्माच्या आधी त्याच्याशी खोटं बोलायला कोण गेलं होतं, पण मिळायला हवं होतं ते मिळालं नाही ही तक्रार आहे. चीट डेथ म्हणतात, मृत्यूला चकवलं, तिथे मृत्यूच्या वाट्याचं त्याला मिळालं नाही. प्रेमात किंवा लग्नात चीट ऑन हा प्रयोग विसाव्या शतकात अमेरिकेत रुळला, तिथे पण नवरा बायकोशी एक शब्द खोटं बोलला नसेल, तरी तिच्या वाट्याचं दुसरीकडे गेलं.

चीट कोडचं थोडं वेगळं आहे. १९८६ मध्ये कोनामी कंपनीचा ग्रेडियस हा गेम घरच्या व्हिडिओ गेमवर आणताना काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रामरला तो टेस्ट करायला फार अवघड जायला लागला, म्हणून त्याने वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे असा बटणांचा एक क्रम घालून ठेवला की सगळी शस्त्रं एकदम मिळतात, आणि तो तसाच गेममध्ये राहिला. इथे तर बनवणाऱ्यानेच दार ठेवलंय, मग फसलं कोण? एकटा खेळणारा असेल तर कुणीच नाही. पण समोर दुसरा खेळाडू आला की लगेच तोच शब्द आरोप होतो, कारण आता त्याचं जिंकणं कुणीतरी नेलं.

आता कायद्याकडे येतो, कारण जिथे हा शब्द जन्मला तिथेच त्याचा अर्थ सगळ्यात बारकाईने तपासला जातो. चारसोबीस हा शब्द आपण ज्या कायद्यातून घेतला त्या १८६० च्या इंडियन पीनल कोडमध्ये चीटिंगची व्याख्या कलम ४१५ मध्ये होती, ती आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, मराठीत त्याला ठकवणूक म्हणतात. त्यात नुसती फसगत पुरत नाही, फसगत करून त्या माणसाला काहीतरी द्यायला लावलं पाहिजे, किंवा असं काही करायला किंवा न करायला लावलं पाहिजे ज्यातून त्याचं नुकसान होईल. पहिलंच उदाहरण वाचा, एक माणूस मी सरकारी नोकरीत आहे असं खोटं सांगून दुकानदाराकडून उधारीवर माल घेतो आणि पैसे द्यायचा त्याचा इरादाच नाही. सरकारी माणसाचा वेष घेऊन लोकांचा माल नेणं, मला लगेच तो इस्चीटर आठवतो. आणि अजून एक उदाहरण आहे निळीचं. एकाने नीळ देतो सांगून आगाऊ पैसे घेतले आणि देण्याचा इरादा मुळातच नव्हता तर ते चीटिंग, पण पैसे घेताना खरंच द्यायची होती आणि नंतर करार मोडला, तर ते चीटिंग नाही, दिवाणी दावा लावा. हा फरक लोकांना कळत नाही आणि पैसे बुडाले की सरळ चीटिंगची केस करायला धावतात, मग कोर्ट विचारतं की पहिल्या दिवशी त्याच्या मनात काय होतं ते दाखवा.

इंग्लंडमध्ये चीटिंग हा कॉमन लॉमधला, म्हणजे कोर्टाच्या निकालांतून घडलेल्या कायद्यातला, जुना गुन्हा होता. १९६८ च्या थेफ्ट ॲक्टने तो रद्द केला, पण एक अपवाद ठेवला, सरकारी महसुलाच्या बाबतीत चीटिंग. तो आजही चालू आहे, मोठ्या करचुकवेगिरीत लावतात आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. जुगारातल्या चीटिंगसाठी २००५ च्या गॅम्बलिंग ॲक्टमध्ये वेगळं कलम आहे, आणि त्यात चीट म्हणजे काय हे पूर्णपणे बांधून दिलेलं नाही, त्यामुळे एकदा तरी हा प्रश्न वरच्या कोर्टात जाणारच होता.

तो गेला फिल आयव्हीच्या केसमध्ये. जगातल्या नावाजलेल्या पोकर खेळाडूंपैकी एक. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत तो पुंतो बांको हा पत्त्यांचा खेळ खेळला आणि ७७ लाख पौंडांच्या आसपास जिंकला. कसं? त्या पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही लांब कडांना अगदी सारखी कापलेली नव्हती, अतिशय बारीक फरक होता, नेहमीच्या माणसाला दिसणारच नाही. त्याच्या बरोबरची बाई पत्ते वाटणारीला सांगायची की आमचा शकुन आहे, हे पत्ते असे फिरवून ठेव, ते तसे फिरव. वाटणारी फिरवत गेली, तिला काय माहीत. थोड्या वेळात खेळातले चांगले पत्ते, म्हणजे सत्ते, अठ्ठे आणि नव्वे, एका दिशेला आणि बाकीचे दुसऱ्या दिशेला झाले. पिसायला मशीन होतं, ते पत्ते फिरवत नाही. मग पत्ता उलटायच्या आधीच आयव्हीला कळायचं की हा चांगला का वाईट.

कॅसिनोने पैसे द्यायला नकार दिला, भरलेली रक्कम तेवढी परत केली. आयव्ही स्वतः कोर्टात गेला, माझे पैसे द्या म्हणून. त्याचं म्हणणं, मी पत्त्यांना हात लावला नाही, काही लपवून आणलं नाही, मी फक्त हुशारीने खेळलो, कॅसिनोने आपले पत्ते नीट बघायला पाहिजे होते. आणि तो हे मनापासून म्हणत होता, खालच्या कोर्टाने पण मान्य केलं की आपण चीटिंग करत नाही अशी त्याची खरोखर समजूत होती. तरी तो हरला, अपिलात पण हरला, आणि २५ ऑक्टोबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने पण पाचही न्यायाधीशांच्या एकमताने सांगितलं की हे चीटिंगच आहे. पत्ते कसे पडतील हे कुणालाच माहीत नसणं हा त्या खेळाचा पाया, आणि त्याने वाटणारीच्या हातून पत्ते लावून घेऊन तो पायाच काढून घेतला. त्याला स्वतःला ते काय वाटत होतं याने फरक पडत नाही. त्याच निकालात कोर्टाने अप्रामाणिकपणा कसा ठरवायचा याची १९८२ पासून चालत आलेली कसोटीपण बदलली, ज्यात आरोपीला स्वतःला आपलं वागणं लोकांच्या लेखी अप्रामाणिक आहे हे कळत होतं का असं विचारायचे. आता त्याला काय माहीत होतं ते बघतात, आणि मग ते वागणं प्रामाणिक का अप्रामाणिक हे साध्या चांगल्या माणसांच्या मापाने ठरवतात.

चौदाव्या शतकातल्या इस्चीटरला विचारलं असतं तर त्यानेही छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की मी राजाचा कायदा पाळतोय. त्याच्या मनातलं काही का असेना, शब्द ठरवला ज्यांची जमीन गेली त्यांनी, आणि लंडनच्या कोर्टाने २०१७ ला त्याच बाजूने बघितलं. आयव्हीला त्या पैशातला एक पौंडही मिळाला नाही.